क्विक-डिटॅच माउंट: दुर्बीण काढून परत बसवली, तर नेम तिथेच राहतो का?

स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं, तेव्हा त्याच्या रायफलवर दुर्बीण नव्हती. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झालेल्या तेजस्विनी सावंतच्या रायफलवरही नव्हती. दोघंही कोल्हापूरचे. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात मुलांना नेमबाजीला घालणाऱ्या पालकांनी खरेदीला निघण्याआधी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक भोकाची पीप साइट आणि पुढे कडं, एवढ्यावरच नेम धरायचा असतो. त्यामुळे १० मीटर एअर रायफल शिकणाऱ्या मुलासाठी कुणी दुकानदार स्कोप आणि माउंटचा सेट पुढे करत असेल, तर तो पैसा वाचवावा आणि चांगल्या शूटिंग जॅकेटला लावावा.

मग स्कोप माउंट लागतं कुणाला? रनिंग टार्गेट या प्रकारात सरकत्या निशाण्यावर दुर्बिणीने नेम धरतात, १० मीटरमध्ये जास्तीत जास्त चारपट ताकदीची. पण खरा वापर परदेशातल्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांत आहे. एफ-क्लासमध्ये झोपून, आधारावर रायफल ठेवून १००० यार्डांपर्यंत मारतात. अमेरिकेत २०१२ पासून चालणाऱ्या प्रिसिजन रायफल सिरीजमध्ये अडथळ्यांच्या आधाराने, घड्याळ लावून मारतात. अमेरिका-ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली आपली मंडळी अशा क्लबांत जाऊ लागली की पहिल्या वर्षातच हा प्रश्न येतो: माउंट साधं स्क्रूचं घ्यायचं, की लिव्हर उघडून झटकन निघणारं क्विक-डिटॅच?

झटकन निघणं हा या माउंटचा खरा गुण नव्हे. पाना घेऊन कुठलंही माउंट पाच मिनिटांत निघतं. पैसे मोजायचे ते परत बसवल्यावर गोळी पुन्हा त्याच जागी पडण्यासाठी. याला नेमबाज झीरोवर परत येणं म्हणतात.

हे किती नाजूक असतं ते साध्या हिशेबाने कळतं. माउंटचे दोन पाय एकमेकांपासून १० सेंटिमीटरवर आहेत असं धरा. परत बसवताना मागचा पाय ०.१ मिलिमीटर, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाच्या जाडीइतका, वर राहिला. १०० मिलिमीटरला ०.१ म्हणजे हजारास एक. १०० मीटरवर नेम १० सेंटिमीटर हलला, ३०० मीटरवर ३० सेंटिमीटर. ३०० मीटर रायफलच्या निशाण्यावर दहा गुणांचं वर्तुळ १० सेंटिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे रेलच्या खाचेत अडकलेला वाळूचा एक कणही सगळी मॅच घालवू शकतो. स्कोपची एक क्लिक साधारणपणे १०० मीटरवर १ सेंटिमीटर किंवा ७ मिलिमीटर नेम हलवते. चांगलं माउंट काढून लावल्यावर फरक एका क्लिकच्या आत राहावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. 'शंभर टक्के तिथेच' हे जाहिरातीत वाचायला बरं.

माउंट निवडताना लोक लिव्हर बघतात. आधी रेल बघावी. अमेरिकन लष्कराने १९९५ मध्ये प्रमाणित केलेल्या पिकॅटिनी रेलच्या खाचा ५.२३ मिलिमीटर रुंद असतात. त्यापेक्षा जुन्या वीव्हर पद्धतीत त्या ४.५७ मिलिमीटर असतात. वीव्हरचं माउंट पिकॅटिनीवर बसतं, उलट बसेलच असं नाही. शिवाय बसलं तरी खाचेत खेळ राहतो. रेल रायफलवर नीट बसवलेली नसेल, तिचे स्क्रू ढिले असतील किंवा खाली तेल राहिलं असेल, तर वर कितीही महागडं माउंट लावा, उपयोग शून्य. रेलचे स्क्रू तेल पुसून, निळ्या थ्रेडलॉकरचा थेंब देऊन, कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळावेत. लांब पल्ल्यासाठी रेल पुढे किंचित उतरती, बहुधा २० मिनिटांच्या कोनाची घेतात, म्हणजे स्कोपची वरची फिरकी लवकर संपत नाही. १०० मीटरपलीकडे जायचंच नसेल, तर सपाट रेल पुरते.

त्यानंतर जबडा. माउंट रेलला दोन बाजूंनी चावतं आणि आडवा दांडा खाचेत बसतो. गोळी सुटताना रायफल मागे जाते, स्कोप जडत्वाने जागीच राहू पाहतो, म्हणजे रेलच्या हिशेबाने तो पुढे सरकतो. म्हणून माउंट लावताना ते पुढे दाबून, दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून मगच लिव्हर बंद करायची. ही एक सवय लागली तर निम्मे घोळ मिटतात. दुसरी सवय म्हणजे दर वेळी तीच खाच वापरणं. रंगाच्या पेनने रेलवर खूण केली की अंधारातही चूक होत नाही.

लिव्हरचे प्रकार ढोबळमानाने तीन. अमेरिकन डिफेन्स आणि लारू यांच्या लिव्हरचा ताण नट फिरवून ठरवता येतो. रेल थोडी जाड-बारीक असली तरी जुळवून घेता येतं, पण जुळवायचं काम आपल्यावर येतं. फार सैल ठेवली तर माउंट हलतं, फार घट्ट केली तर अॅल्युमिनियमची रेल दबते. बोब्रोच्या लिव्हरमध्ये स्प्रिंग आहे, ती ताण स्वतः जुळवते. वॉर्नच्या पोलादी रिंगांना छोट्या लिव्हर असतात. त्या जुन्या वळणाच्या शिकारी रायफलींवर शोभतात आणि टिकतातही. जर्मनीत ब्लेझरसारख्या कंपन्यांनी रेल बाजूला ठेवून थेट नळीवर बसणारं खोगीर-माउंट केलं आहे. ते त्यांच्याच रायफलीला लागतं. स्पर्धेसाठी दोन वेगळ्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट बरं, कारण दोन रिंगा वेगवेगळ्या आवळल्या जातात आणि मधली नळी पिळते.

रिंगचं माप स्कोपच्या नळीवर ठरतं. १ इंच, ३० मिलिमीटर आणि ३४ मिलिमीटर ही सर्वांत जास्त चालणारी मापं. '१ इंच म्हणजे जवळपास २५, थोडा कागद घालून बसेल' असल्या सल्ल्याला बळी पडू नये. रिंगचे वरचे स्क्रू बहुतेक कंपन्या १५ ते १८ इंच-पाउंडांवर आवळायला सांगतात, म्हणजे साधारण २ न्यूटन-मीटर. मनगटाच्या अंदाजाने हा आकडा हमखास ओलांडला जातो आणि नळीवर चट्टा उठतो, म्हणून टॉर्क पाना घेणं टाळू नये. उंची अशी हवी की पुढची भिंग-वाटी नळीपासून दोन-तीन मिलिमीटर वर राहील, बोल्ट मागे ओढताना हात आयपीसला लागणार नाही आणि गाल लाकडावर टेकलेला असतानाच डोळा भिंगासमोर येईल. मान उचलून बघावं लागत असेल तर माउंट उंच आहे. लिव्हर शक्यतो काडतूस बाहेर पडण्याच्या विरुद्ध बाजूला. अडथळ्यांवर रायफल टेकवणाऱ्यांनी चपटी, कुलूप असलेली लिव्हरच घ्यावी, नाहीतर पट्ट्यात किंवा पिशवीत अडकून ती ऐन वेळी उघडते.

आपल्याकडे घरोघरी दिसते ती स्प्रिंगची एअरगन. तिच्यावर क्विक-डिटॅच लावायच्या फंदात पडू नये, हे स्पष्ट सांगायला हवं. स्प्रिंग गनचा धक्का दोन्ही दिशांना बसतो, आधी मागे, मग पिस्टन आदळताच पुढे. वरची ११ मिलिमीटरची डोव्हटेल गुळगुळीत असते, तिला खाचा नसतात. लिव्हरचा जबडा त्यावर हळूहळू सरकतो आणि साधा स्कोपही आतून खिळखिळा होतो. तिथे लांब, स्क्रूचं, खाली अडकवायची पिन असलेलं माउंट आणि एअरगनसाठी बनवलेला स्कोप, एवढंच चालतं.

स्पर्धेच्या रायफलवरही क्विक-डिटॅच प्रत्येकाला हवंच असं नाही. एफ-क्लासवाल्याचा स्कोप वर्षभर रायफलवरून उतरत नाही. त्याने भक्कम स्क्रूचं माउंट घ्यावं आणि उरलेले पैसे काडतुसांना वापरावेत. विमानाने जाणाऱ्याला मात्र ते उपयोगी पडतं. रायफल चेक-इन सामानात जाते, पेटी आपटली जाते, आणि काही शे डॉलरचं माउंट व त्याच्या कैक पटींचा स्कोप हातातल्या बॅगेत सुरक्षित राहिलेला बरा. अर्थात हातसामानात तो चालेल का, हे त्या विमान कंपनीला आधी विचारून घ्यावं. एकच भारी स्कोप दोन रायफलींवर फिरवणाऱ्यांनाही फायदा होतो, फक्त प्रत्येक रायफलीचे क्लिक वेगळे लिहून ठेवायचे.

घेतल्यावर चाचणी घरच्या घरी नाही, रेंजवर करायची. आधी माउंट न काढता १०० मीटरवर दहा गोळ्या एका कागदावर. मग दुसऱ्या कागदावर दहा गोळ्या, पण प्रत्येक गोळीनंतर माउंट काढून, रेल पुसून, त्याच खाचेत परत लावून. दोन्ही गटांची रुंदी जवळपास सारखी आली आणि मध्यही जवळ राहिला, तर माउंट ठीक. दुसरा गट पसरला, तर लिव्हरचा ताण बदलून पुन्हा एकदा बघा. तरीही पसरला तर परत करा. सेकंडहँड माउंट घेताना ही मुभा नसते, म्हणून जबड्याच्या कडा आणि आडव्या दांड्याच्या पुढच्या बाजूवर चकाकलेले, गोल झालेले कोपरे आहेत का ते बघून घ्यावं.

माउंट कितीही खात्रीचं असलं तरी मॅचआधी तपासायच्या गोळ्या मारण्याची संधी सोडू नये. बीजिंगला २००८ मध्ये १० मीटर एअर रायफलच्या फायनलआधी अभिनव बिंद्राचा चाचणीचा पहिला शॉट चारच्या आसपास गेला होता. त्याच्या रायफलची साइट कुणीतरी हलवली होती, असं त्याने नंतर सांगितलं. त्या चाचणी शॉट्समध्येच ते लक्षात आलं, त्याने साइट परत जुळवली आणि ७००.५ गुणांवर सुवर्णपदक घेतलं. ती पीप साइट होती, १० मीटरवरची. लिव्हरच्या माउंटवर ३०० मीटरवर मारणाऱ्याने प्रवासानंतरच्या पहिल्या पाच गोळ्या झीरो तपासण्यासाठीच राखून ठेवाव्यात.