चुलीत गेलेली फाइल

आमच्या घरी १९९४ साली एक फाइल जाळली गेली. आपाला, माझ्या थोरल्या बहिणीला, सतराव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा झाला होता. पुण्यात इलाज झाला, इंजेक्शनं झाली, छातीला शेक म्हणजे रेडिएशन दिलं, ती बरी झाली. दोन वर्षांनी स्थळं येऊ लागली तेव्हा अम्मीने फाइल चुलीत घातली. मर्ज गेला, आता कागद कशाला? गेल्या वर्षी जिना चढताना आपाला धाप लागू लागली. हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं, "औषधं कुठली होती? शेक किती दिला?" आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

तेव्हापासून मी या आजाराचा इतिहास वाचतो आहे.

१८३२ मध्ये लंडनच्या गाइज रुग्णालयातील थॉमस हॉजकिनने गाठी आणि पाणथरी सुजून मेलेल्या रुग्णांचं वर्णन लिहिलं. सॅम्युएल विल्क्सने १८६५ मध्ये आजाराला त्याचं नाव दिलं. पुढच्याच वर्षी हॉजकिन फिलिस्तीनमध्ये, जाफा इथे वारला. त्याची कबर तिथेच आहे. (वसाहतींतील मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी या माणसाने उभं आयुष्य घातलं, पण नाव राहिलं ते आजाराला.)

पुढची शंभर वर्षं हा आजार बहुधा मरणच होता. १९५० मध्ये टोरांटोच्या व्हेरा पीटर्स यांनी दाखवलं की सुरुवातीच्या अवस्थेत नीट शेक दिला तर रुग्ण वर्षानुवर्षं जगतात. स्टॅनफर्डच्या हेन्री कॅप्लन यांनी नव्या यंत्राने मान, काखा आणि छाती एकत्र शेकायला घेतली. त्या पद्धतीला मॅंटल म्हणत. मॅंटल म्हणजे झगा. मी तिला ओढणी म्हणेन. ओढणी जिथे पडते, तिथेच किरण. मग अमेरिकेत व्हिन्सेंट डेव्हिटा आणि सहकाऱ्यांनी चार औषधं एकत्र दिली. त्यांतलं एक युद्धातल्या विषारी वायूच्या घराण्यातलं होतं. पसरलेला आजारही बरा होऊ लागला.

हिशेब नंतर आला. काहींना त्या औषधांमुळे रक्ताचा कर्करोग झाला, अनेकांना मूल झालं नाही. मिलानच्या बोनाडोना यांनी सत्तरच्या दशकात औषधं बदलली आणि हे धोके घटले. पण नव्या औषधांपैकी एक हृदयाला जड, एक फुप्फुसाला. ओढणीखालचं मात्र दहा, वीस, तीस वर्षांनी उघड झालं: थायरॉइड मंदावणं, हृदयाच्या झडपा आणि रक्तवाहिन्या आखडणं आणि तरुणपणी शेक घेतलेल्या मुलींना स्तनाचा कर्करोग. १९६५ ते २००० दरम्यान इलाज झालेल्या ३,९०५ जणांचा नेदरलँड्समधला अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यांच्यात दुसऱ्या कर्करोगाचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या ४.६ पट होतं, आणि पस्तीस वर्षांनंतरही धोका ओसरला नव्हता.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. ते नसते तर आपा अठराव्या वर्षी गेली असती. पण छातीला शेक घेतलेल्या मुलीची स्तनतपासणी इलाजानंतर आठ वर्षांनी किंवा पंचविशीत, यांपैकी जे नंतर येईल तेव्हा सुरू व्हावी, असं आता सांगतात. आपाची पंचविशी २००० साली आली. तिला कुणी बोलावलं नाही, आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बालपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्यांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे, हे मला आत्ता कळलं.

जुन्या रुग्णालयात नोंदी सापडल्या नाहीत. शेवटी डॉक्टरांना सापडले ते आपाच्या छातीवरचे निळे ठिपके. यंत्र रोज त्याच जागी लागावं म्हणून सुईने गोंदलेले. गोंदण जायज नाही म्हणून अम्मी त्यावर पावडर लावायची, आणि सासरी ते तीळ होते. ठिपक्यांवरून डॉक्टरांनी शेकाची हद्द ताडली, इको केला, थायरॉइड तपासलं आणि मॅमोग्राफी लिहून दिली.

त्या रात्री आपाने दूल्हेभाईंना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मॅमोग्राफीची तारीख विचारली.