पेट्रोलची जीप, डिझेलचं इंजिन

आज पिकाचं नाही, इंजिनाचं लिहितो. आपल्या अकोटकडं जुन्या जीपचं बोनेट उघडलं की बरेचदा आत मूळ इंजिन नसतंच. असं का झालं, ते पाहू.

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रानं मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. पुढच्या जीपमध्ये हरिकेन नावाचं २,१९९ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं. ताकद चांगली, पण तेल लय प्यायचं. १९७३ मध्ये जगात तेल भडकलं अन् ही जीप दारात उभी राहू लागली.

डिझेल स्वस्त होतं, अन् ते वावरात आधीच पोचलं होतं. विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं. १९६३ मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत ट्रॅक्टर कंपनी काढली, तिचा बी-२७५ गावोगाव गेला. नोझल, पंप, रिंगा गावच्या मिस्त्रीच्या हातच्या झाल्या. मग जुनं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवायचं काम घरच्या अंगणात सुरू झालं.

निंबाच्या फांदीला चेनपुली लावून इंजिन उचलणं त्यातलं सोपं काम. खरी परीक्षा गिअरबॉक्सशी जोडताना. भोकं जुळत नाहीत, म्हणून मधात जाड लोखंडी प्लेट लेथवर करून घ्यावी लागते. क्रँक अन् गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत नसले, तर बेअरिंग अन् क्लच प्लेट लवकर जाते. डिझेल इंजिन जड, म्हणून समोरच्या पाट्याला एक पान वाढवतात. ट्रॅक्टरचं इंजिन असलं तर आणखी एक भानगड. ट्रॅक्टरमध्ये इंजिनच सांगाडा असतो, जीपमध्ये ते चेसिसवर रबरी माउंटिंगवर बसवावं लागतं. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घ्यायचं, हे २,००० च्या आसपास थांबतं. जीप पळत नाही, पण ओढते.

कागदाचं मात्र बरेच जण विसरले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं इंजिन बदललं की १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करावी लागते. आरसीवर एक नंबर अन् ब्लॉकवर दुसरा असला, की विमा अन् विक्री दोन्ही अडतात. अशा कितीतरी जीपा मग वावराच्या धुऱ्यापुरत्याच उरल्या.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. आता इंजिनासंगं सेन्सर अन् कंप्युटरही जुळावा लागतो. म्हणून नवी गाडी घेताना मायलेजसोबत हेही विचारा, की बंद पडली तर तालुक्यात ती उघडणारा कोण आहे?

तुमच्या गावात अशी जीप असंल, तर तिच्यात कोणतं इंजिन आहे ते खाली लिहा.