उपग्रह दूरध्वनी कंपनीचे मत्ता-मूल्यांकन

आर्थिक अडचणीतील उपग्रह दूरध्वनी कंपनीच्या मत्तेची किंमत ठरविणे. ‘इरिडियम’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. सुमारे 5 अब्ज डॉलर खर्चून उभारलेली तिची सेवा नोव्हेंबर 1998 मध्ये सुरू झाली. 13 ऑगस्ट 1999 रोजी कंपनी दिवाळखोरीत गेली. तिचे 66 उपग्रह सुमारे 780 किमी. उंचीवर फिरत होते. असा उपग्रह खाली आणून भंगारात विकता येत नाही. त्यात किती इंधन उरले, यावर त्याचे आयुष्य आणि भाव अवलंबून. सेवा थांबली तर तो कक्षेतून उतरविण्याचा भार मात्र अंगावर येतो. म्हणूनच 2000 साली हे सारे जाळे अवघ्या अडीच कोटी डॉलरच्या आसपास विकले गेले, तेही अमेरिकी संरक्षण खात्याचे कंत्राट हाती आल्यावर.

पुढे 2007 मध्ये इरिडियमच्याच दाव्यात तिचे मूल्य ठरविताना न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयाने तज्ज्ञांच्या पश्चातबुद्धीच्या गणितापेक्षा त्या वेळच्या बाजारभावाला अधिक वजन दिले. ही कसोटी रास्तच होय.

या पडझडीचे पडसाद भारतातही उमटले. भारतीय वित्तसंस्थांचा पैसा गुंतलेल्या इरिडियम इंडिया टेलिकॉमने इरिडियमची जनक कंपनी मोटोरोला हिच्याविरुद्ध पुण्यात फसवणुकीची फौजदारी तक्रार केली. मुंबई उच्च न्यायालयाने 2003 मध्ये रद्द केलेली ती कारवाई सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये पुन्हा खुली केली.