शेताच्या बांधाची जबाबदारी : महाराष्ट्रातील सीमाव्यवस्थेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात 'बांध' हा शब्द केवळ मातीच्या उंचवट्यापुरता मर्यादित नाही. दोन शेतांमधील हद्द, पाणी अडविण्याची सोय, जाण्यायेण्याची पायवाट, गवत व झाडांची जागा आणि दोन कुटुंबांमधील संबंधांचे प्रतीक असे अनेक अर्थ त्यात सामावले आहेत. विदर्भात त्यालाच 'धुरा' म्हणतात, तर कोकणात दगड रचून घातलेला 'गडगा' हेच काम करतो. ज्याच्या शेताला आपले शेत लागून आहे तो 'बांधकरी'. हा बांधकरी नात्याने भाऊबंद असतो किंवा नसतो, परंतु त्याच्याशी येणारा संबंध कित्येकदा नात्याहून अधिक जवळचा आणि अधिक तणावाचा असतो.

बांध दोघांचा असतो हे सर्वजण मान्य करतात. परंतु तो फुटला तर कोणी घालावा, त्यावरील खूण हरवली तर खर्च कोणी सोसावा आणि तो कोरला गेला तर दाद कोणाकडे मागावी, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक काळात वेगवेगळी मिळत गेली. जमीनधारणा व महसूल पद्धती यांवर विपुल लेखन झाले असले तरी दोन शेजाऱ्यांमधील हद्दीच्या जबाबदारीचा प्रश्न बहुधा त्या लेखनाच्या कडेलाच राहिला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक क्रमाने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. धर्मशास्त्रातील सीमाविवाद व कुंपणविषयक नियमांचे स्वरूप समजून घेणे.
२. मराठेशाहीतील हद्दनिश्चितीत गावसमाजाची भूमिका तपासणे.
३. ब्रिटिश भूमापनामुळे बांधाच्या जबाबदारीत झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
४. स्वातंत्र्योत्तर कायद्यांतील तरतुदींचे मूल्यमापन करणे.

गृहीतक :

हद्दीची माहिती जोपर्यंत गावाच्या सामूहिक स्मृतीत होती तोपर्यंत बांधाची जबाबदारीही सामूहिक होती. ही माहिती सरकारी दप्तरात गेल्यानंतर जबाबदारी एकट्या खातेदारावर आली. शेजाऱ्या-शेजाऱ्यांमध्ये ती कशी वाटून घ्यावी हा प्रश्न मात्र बऱ्याच अंशी अनुत्तरित राहिला.

संशोधन पद्धती :

लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून धर्मशास्त्रीय ग्रंथ, महसूलविषयक कायदे आणि प्रकाशित अभ्यास यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

अ) धर्मशास्त्रातील सीमा व कुंपण

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात सीमाविवाद हे स्वतंत्र व्यवहारपद मानले आहे. महाराष्ट्रात प्रमाण मानल्या गेलेल्या विज्ञानेश्वराच्या 'मिताक्षरा' टीकेत नारदाच्या आधारे सीमेचे पाच प्रकार सांगितले आहेत. झाडांनी दाखविलेली ती ध्वजिनी, पाण्याने दाखविलेली मत्स्यिनी, जमिनीत पुरलेल्या खुणांची नैधानी, परस्पर संमतीने ठरलेली भयवर्जिता आणि राजाज्ञेने ठरलेली राजशासननीता. यांतील नैधानी हा प्रकार विशेष लक्षणीय आहे. कोळसा, कोंडा, खापऱ्या, हाडे, वाळू असे सहज न कुजणारे पदार्थ सीमेवर पुरून ठेवावेत असे स्मृतिकारांनी सुचविले. वरची खूण माणूस हलवितो, म्हणून खाली दुसरी खूण हवी, इतका व्यावहारिक विचार त्यामागे होता.

विवाद निर्माण झाल्यास साक्ष कोणाची घ्यावी याची यादीही बोलकी आहे. शेजारच्या जमिनींचे धारक, गावातील वृद्ध, गुराखी, सीमेलगत नांगरणारे शेतकरी आणि रानात फिरणारे लोक यांना ज्ञाते मानले आहे. त्यांनी तांबडी वस्त्रे व माळा धारण करून, डोक्यावर माती घेऊन सीमा चालून दाखवावी असे विधान आहे. खोटी सीमा दाखविणाऱ्यास दंड सांगितला असून ज्ञाते किंवा खुणा उपलब्ध नसतील तरच राजाने स्वतः सीमा ठरवावी, असा क्रम दिसतो. म्हणजे राजसत्ता ही शेवटची पायरी होती, पहिली नव्हे.

कुंपणाच्या जबाबदारीबाबत मनुस्मृतीची भूमिका स्पष्ट आहे. गावालगतच्या कुंपण नसलेल्या शेतातील पीक जनावरांनी खाल्ले तर गुराख्याला दंड करू नये. शेतकऱ्याने उंटालाही वरून पाहता येणार नाही इतके उंच कुंपण घालावे आणि कुत्रा किंवा डुक्कर यांचे तोंड शिरेल असे भोक बुजवावे, असे तेथे म्हटले आहे. थोडक्यात, गावालगत पीक राखण्याचा भार पीक घेणाऱ्यावर होता.

ब) मराठेशाहीतील हद्द : स्मृती व साक्ष

शिवकाळात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली झालेल्या जमीनमोजणीत पाच हात व पाच मुठी लांबीची काठी प्रमाण मानली गेली. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद क्षेत्राचा एक बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा एक चावर असा हिशेब होता. मात्र ही मोजणी मुख्यतः सारा ठरविण्यासाठी होती. शेत नेमके कोठे संपते याचे ज्ञान कागदापेक्षा माणसांच्या आठवणीत अधिक होते. चतुःसीमा सांगताना 'पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचे शेत' अशा पद्धतीने ती सांगितली जाई. शेजारी हाच खुणेचा दगड होता असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तंटा उभा राहिल्यास गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि आवश्यकतेनुसार परगण्याचे देशमुख-देशपांडे यांच्या उपस्थितीत साक्षी होत व निर्णयाचा महजर लिहिला जाई. पुरावा अपुरा पडल्यास दिव्याचाही अवलंब होई. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये प्रकाशित केलेल्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथातून या पद्धतीचे तपशीलवार दर्शन घडते.

या व्यवस्थेतील एक विसंगती येथे नोंदविणे आवश्यक आहे. गावाच्या व शेतांच्या हद्दी दाखविण्याचे काम वतनाने महारांकडे होते आणि हद्दीच्या वादात त्यांच्या साक्षीला विशेष वजन असे. ज्या समाजाला गावाच्या वस्तीबाहेर ठेवले, त्याच समाजाच्या शब्दावर गावाची जमीन कोठे संपते हे ठरत होते. हद्दीचे ज्ञान आणि जमिनीची मालकी यांची अशी फारकत होती. त्यामुळे जुन्या गावव्यवस्थेतील सामूहिक जबाबदारीचे वर्णन करताना ती समान जबाबदारी होती असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही.

क) ब्रिटिश भूमापन : दगड, टिपण आणि खातेदार

पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनमध्ये प्रिंगल यांनी १८२७ च्या सुमारास हाती घेतलेली पाहणी अपयशी ठरली. त्यानंतर १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिची तत्त्वे निश्चित झाली. एका बैलजोडीने कसता येईल एवढ्या क्षेत्राचा अंदाज घेऊन भूमापन क्रमांक पाडण्यात आले. तेहतीस फूट लांबीच्या साखळीने शेत मोजले जाऊ लागले. साखळीचे सोळा आणे, एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे परिमाण शेतकऱ्यांच्या बोलण्यात कायमचे रुजले. हद्दीवर दगड रोवले गेले, न नांगरलेले पट्टे राखले गेले आणि शेताचे माप टिपणात उतरले.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने या व्यवस्थेला सविस्तर कायदेशीर रूप दिले. त्यातील कलम ११९ नुसार, मोजणीच्या वेळी हद्दीबाबत वाद नसेल आणि गावकामगारांनी ती बरोबर असल्याचे सांगितले, तर धारकाने दाखविलेली हद्द कायम करता येत असे. वाद असल्यास किंवा धारक गैरहजर असल्यास अभिलेख, वहिवाट, गावकामगार आणि लगतचे धारक यांच्या माहितीवरून अधिकारी हद्द ठरवीत. कलम १२१ नुसार अशा रीतीने ठरलेली हद्द दोन्ही बाजूंच्या धारकांना बंधनकारक होती. या दोन कलमांचा एकत्रित विचार केल्यास गैरहजेरीचा अर्थ लक्षात येतो. जो मोजणीच्या दिवशी बांधावर उभा नव्हता, त्याची हद्द ठरविताना शेजाऱ्याच्या शब्दाचा आधार घेतला जाणार होता. पोटासाठी परगावी गेलेला किंवा घरात कर्ता पुरुष नसलेला धारक या ठिकाणी सर्वाधिक दुर्बल ठरण्याची शक्यता होती.

दुरुस्तीच्या बाबतीतही कायदा स्पष्ट होता. कलम १२२ प्रमाणे हद्दीच्या खुणा ठरावीक मुदतीत बांधण्याची अथवा दुरुस्त करण्याची सूचना चावडीवर लावली जाई. मुदतीत काम न झाल्यास सरकारी अधिकारी ते करवून घेत आणि खर्च संबंधित धारकांवर बसवीत. कलम १२३ नुसार आपल्या जमिनीच्या खुणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी प्रत्येक धारकावर होती आणि खुणांचा नाश होऊ न देणे हे गावकामगारांचे कर्तव्य होते. खूण नष्ट करणाऱ्यास दंडाची तरतूद होती. भारतीय दंड संहितेच्या कलम ४३४ नेही सरकारने रोवलेली सीमाखूण हलविणे हा गुन्हा मानला होता.

येथे मूलभूत बदल घडला. पूर्वी 'हद्द कोणाला माहीत आहे' हा प्रश्न होता, आता 'खूण कोणाच्या खात्यावर आहे' हा प्रश्न झाला. परंतु दोन शेतांमधील दगड दोन्ही खात्यांवर असतो. कायद्याने जबाबदारी 'प्रत्येक' धारकावर टाकली, त्यामुळे सरकारपुढे दोघेही जबाबदार राहिले. एकमेकांपुढे कोण किती जबाबदार, हे मात्र त्यांच्या समजुतीवरच सोपविले गेले.

कुंपणाच्या संदर्भातही भार सरकला. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्याने शेतात शिरून नुकसान करणारे जनावर पकडून कोंडवाड्यात घालण्याचा अधिकार शेतकऱ्याला दिला आणि त्यासाठी शेताला कुंपण असण्याची अट घातली नाही. मनुस्मृतीत गावालगत पीक राखण्याचा जो भार शेतकऱ्यावर होता, तो येथे जनावराच्या मालकाकडे गेला.

ड) तुकडेकरण आणि वाढते बांध

वारसाहक्काने जमिनीची वाटणी होत गेली तसे बांध वाढले. डॉ. हॅरोल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रकाशित केला. त्यांच्या निष्कर्षानुसार १७७१ मध्ये सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. गावातील जमीन ७२९ तुकड्यांत विभागली गेली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकरापेक्षा लहान होते.

या आकड्यांचा बांधाच्या दृष्टीने अर्थ साधा आहे. मोठ्या शेतात बांधासाठी सोडलेली हातभर जमीन जाणवत नाही, परंतु अरुंद पट्टीत दोन्ही बाजूंचा हातभर बांध हा पिकाचाच हिस्सा ठरतो. दर नांगरटीला बांध थोडा थोडा कोरण्याची प्रवृत्ती केवळ लोभातून नव्हे, तर या टंचाईतूनही बळावली. शिवाय नव्या बांधांपैकी बरेच बांध सख्ख्या-चुलत भावांमधील होते. १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्याने हा प्रश्न मुळापासून सोडविण्याचा प्रयत्न केला, परंतु घरगुती वाटण्या थांबल्या नाहीत. १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्याखाली घातलेले समपातळी बांध जमिनीच्या उतारानुसार जात, मालकीच्या हद्दीनुसार नव्हे. त्यामुळे शेतकऱ्याच्या शेतात मालकीचा बांध एक आणि मृदसंधारणाचा बांध दुसरा अशी स्थिती निर्माण झाली.

इ) स्वातंत्र्योत्तर कायदे

महाराष्ट्राच्या तीन विभागांत तीन वेगळे महसूल कायदे चालू होते. त्यांचे एकीकरण करणारी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली. हद्दीविषयीची जुनी चौकट तिने बऱ्याच अंशी कायम ठेवली. कलम १४० नुसार खुणांच्या देखभालीची जबाबदारी धारकावर आहे, तर कलम १४५ मध्ये खुणा नष्ट करणाऱ्यास दंड सांगितला आहे. कलम १४३ ने मात्र एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली. दुसऱ्याच्या शेताच्या हद्दीवरून आपल्या शेतात जाण्याच्या मार्गाबाबत तहसीलदारांना निर्णय देता येतो. म्हणजेच हद्द ही केवळ अडविणारी रेषा नसून वाट देणारी जागाही आहे, या गावरान समजुतीला कायद्याची मान्यता मिळाली. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मधील अडथळे दूर करण्याची तरतूदही याच समजुतीला पूरक आहे.

दरम्यान हद्द राखणाऱ्या व्यक्तीच व्यवस्थेतून गेल्या. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा १९५८ चा कायदा आणि मुलकी पाटलांचे पद रद्द करणारा १९६२ चा कायदा हे सामाजिक न्यायाच्या व समतेच्या दृष्टीने अपरिहार्य होते. परंतु त्यांच्या जागी हद्दीचे ज्ञान सांभाळणारी दुसरी स्थानिक यंत्रणा उभी राहिली नाही. परिणामी छोट्या वादासाठीही शेतकऱ्याला मोजणीचा अर्ज करणे भाग पडले. २०२३ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या 'सलोखा' योजनेत, एकमेकांच्या जमिनीचा ताबा असलेल्या शेतकऱ्यांना नाममात्र शुल्कात दस्त अदलाबदल करण्याची सवलत दिली गेली. मोजणीपेक्षा संमतीला महत्त्व देणारी ही योजना मिताक्षरेतील 'भयवर्जिता' सीमेची आठवण करून देते.

निष्कर्ष :

१. धर्मशास्त्रात व मराठेशाहीत हद्दनिश्चिती प्रामुख्याने साक्षीवर आधारित होती आणि राजसत्तेचा हस्तक्षेप हा अखेरचा उपाय होता.
२. ही सामूहिक व्यवस्था जातीय विषमतेपासून मुक्त नव्हती. हद्दीचे ज्ञान ज्यांच्याकडे होते त्यांना गावात मानाचे स्थान नव्हते.
३. ब्रिटिश भूमापनाने हद्द निश्चित व लेखी केली, परंतु देखभालीची जबाबदारी स्वतंत्रपणे प्रत्येक धारकावर टाकल्यामुळे शेजाऱ्यांमधील परस्पर जबाबदारीचे सूत्र कायद्यात आले नाही.
४. मोजणीच्या वेळी गैरहजर असणारा धारक आणि लहान तुकड्याचा धारक हे या व्यवस्थेत सर्वाधिक असुरक्षित राहिले.
५. स्वातंत्र्योत्तर कायद्यांनी दंड व मोजणीची चौकट पुढे चालविली. संमतीने हद्द ठरविण्याच्या मार्गाला मात्र त्यांनी उशिरा स्थान दिले.

समारोप :

बांध कोठे आहे हे साखळी व टिपण सांगू शकते. तो कोणी घालावा आणि कोणी राखावा हे मात्र दोन बांधकऱ्यांनाच ठरवावे लागते. मोजणीची साधने जसजशी अचूक होत आहेत, तसतशी हद्दीच्या जागेविषयीची अनिश्चितता कमी होईल. परंतु पावसाळ्यात फुटलेल्या बांधावर पहिली पाटी माती कोणी टाकायची, हा प्रश्न अचूक नकाशाने सुटत नाही. ग्रामपातळीवर लगतच्या धारकांच्या संमतीने देखभालीची वाटणी लिहून ठेवण्याची साधी पद्धत रूढ झाली, तर जुन्या गोतसभेतील विषमता टाळून तिच्यातील साक्षीचे मोल टिकविता येईल. या दृष्टीने तालुकानिहाय जुनी निवाडपत्रे व महसुली दप्तरे यांचा स्वतंत्र अभ्यास होणे गरजेचे आहे.