आडव्या रेघेची कुळकथा

युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ या कमांडच्या पानावर त्यात पाच अक्षरं दिली आहेत: एल, टी, ए, एस आणि डी. सविस्तर यादी हवी तर एल, वेळेच्या क्रमाने हवी तर टी. या अक्षरांच्या आधी एक बारीक आडवी रेघ. रेघ असेल तर पुढचं अक्षर म्हणजे काम कसं करायचं याची सूचना. नसेल तर तो शब्द म्हणजे ज्याच्यावर काम करायचं त्या फाइलीचं किंवा डिरेक्टरीचं नाव. आज कोणतीही शेल स्क्रिप्ट लिहिताना सुरुवातीच्या दहा-पंधरा ओळी ज्यात जातात ते ऑप्शन सोडवण्याचं काम या एका भेदातून निघालं आहे.

अक्षरं एकेकटी का, याचं उत्तर त्या काळच्या यंत्रात आहे. न्यू जर्सीत मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये युनिक्सचे कर्ते केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची टेलिटाइप मॉडेल ३३ वर काम करत. ते यंत्र सेकंदाला दहा अक्षरं कागदावर खडखडत उमटवी आणि त्याच्या कळा जोर लावून दाबाव्या लागत. अशा यंत्रावर पूर्ण शब्द टंकायला कोणाला हौस असणार!

रेघेची रीत पडली, पण तिचा नियम झाला नाही. शेल प्रोग्रॅमच्या हाती फक्त शब्दांची रांग देतं. त्यातली सूचना कोणती आणि नाव कोणतं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मग प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवलं. युनिक्सच्या १९७९च्या सातव्या आवृत्तीत आलेल्या ‘टार’ला रेघ लागतच नव्हती, पहिला शब्द म्हणजे सूचना, एवढं त्याला पुरे. ‘डीडी’ने आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरच्या जॉब कंट्रोल भाषेची ढब उचलली आणि बरोबरचं चिन्ह वापरलं. कुठे दोन अक्षरं जोडून लिहिता येत, कुठे नाही. कुठे ऑप्शन आणि त्याची किंमत यांत जागा सोडावी लागे, कुठे सोडली तर चुके. कमांड पाठ असून भागत नसे, तिचा स्वभावही पाठ करावा लागे.

बेल लॅब्जमध्येच यावर ‘गेटऑप्ट’ नावाचं फंक्शन तयार झालं आणि १९८०च्या सुमारास सिस्टिम थ्री या युनिक्सच्या आवृत्तीतून बाहेर पडलं. ‘एबी:सी’ एवढी ओळ त्याला दिली की पुरे. ए आणि सी ही नुसती अक्षरं, आणि बी नंतर अपूर्णविराम आहे म्हणून बीच्या पाठोपाठ किंमत येणार. एका प्रोग्रॅमचं सगळं व्याकरण चार चिन्हांत! मला या संपूर्ण इतिहासातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. पंचेचाळीस वर्षं झाली, तो अपूर्णविराम अजून त्याच अर्थाने लिहिला जातो.

सूचना संपल्या आणि नावं सुरू झाली हे सांगायला गेटऑप्टने सुट्या दोन रेघा ठरवल्या. त्यांच्यापुढे काहीही येवो, अगदी रेघेने सुरू होणारं काही येवो, ते नावच. १९८४च्या उन्हाळ्यात सॉल्ट लेक सिटीच्या युझनिक्स परिषदेत कॅथलीन हेमेनवे आणि हेलीन आर्मिटेज यांनी कमांडच्या वाक्यरचनेचा प्रमाण मसुदा मांडला. सिस्टिम फाइव्हच्या मॅन्युअलमध्ये असे तेरा नियम छापले गेले. पुढच्याच वर्षी डॅलसच्या युनिफोरम परिषदेत एटी अँड टीने गेटऑप्टचा मूळ कोड सर्वांसाठी मोकळा केला. नुसता नियम सांगून कोणी पाळत नाही. तो पाळणारा कोड फुकट हाती दिला की लोक पाळतात, हे त्या कंपनीतल्या कोणाला तरी नेमकं उमगलं असावं.

शेल स्क्रिप्टसाठी मात्र ही सोय अर्धवट राहिली. तिथे गेटऑप्ट ही स्वतंत्र कमांड होती. ती शब्द तपासून, नीट लावून, सगळे एका ओळीत छापून परत देई आणि शेल ती ओळ पुन्हा मोकळ्या जागांवर तोडे. फाइलीचं नाव ‘दिवाळी अंक’ असेल तर परतताना त्याच्या ‘दिवाळी’ आणि ‘अंक’ अशा दोन फाइली होत. पदच्छेद एकदा बरोबर झालेला असे. तो पुसून दुसऱ्यांदा केला जाई आणि तिथे घात होई. कमांड कितीही सुधारली तरी तिची ओळ शेल अशीच मोकळ्या जागांवर तोडणार म्हटल्यावर हा दोष हटणार नव्हता.

म्हणून १९८६च्या सुमारास सिस्टिम फाइव्हच्या तिसऱ्या रिलीजमध्ये बोर्न शेलच्या पोटातच ‘गेटऑप्ट्स’ आलं. नावात एका ‘स’ची भर, पण पद्धत मुळापासून वेगळी. ते ओळ छापत नाही. ‘व्हाइल’च्या फेऱ्यात त्याला हाक मारली की दर हाकेला ते एकच ऑप्शन हातात ठेवतं, किंमत असल्यास ‘ऑप्टआर्ग’मध्ये, आणि आपण रांगेत कुठवर आलो ते ‘ऑप्टइंड’मध्ये. मूळ शब्दांना हात लागत नाही, त्यामुळे ‘दिवाळी अंक’ अखंड राहतो. फेरा संपला की ऑप्टइंडमधून एक वजा करून तेवढे शब्द ‘शिफ्ट’ने सरकवायचे, उरतात ती नावं. अनोळखी अक्षर आलं तर प्रश्नचिन्ह मिळतं. ओळीच्या आरंभीच अपूर्णविराम दिला तर गेटऑप्ट्स स्वतः तक्रार छापत नाही आणि चूक झाल्याचा निरोप आपल्याला आपल्या शब्दांत देता येतो. मराठीत निरोप देणारी स्क्रिप्ट लिहायची तर हा अपूर्णविराम विसरू नये.

लांब ऑप्शन ग्नू प्रकल्पाने रुजवले. आधी त्यांच्यापुढे अधिकचं चिन्ह असे, पण ते पॉझिक्सच्या प्रमाणाशी जुळेना. सुट्या दोन रेघांना अर्थ होताच. त्यांना शब्द चिकटवला की नवं रूप मिळालं आणि जुनं काही मोडलं नाही. ग्नूने नावांच्या मागून आलेले ऑप्शनही चालवून घेतले. लिनक्सवर लिहिलेली स्क्रिप्ट मॅकवर नेली की फाइलीनंतरचा ऑप्शन कधी कधी फाइलच समजला जातो, तो यामुळे. बोर्न शेलच्या गेटऑप्ट्सने हे लांब रूप घेतलंच नाही. पायथनमध्ये पाहिलं तर जुन्या ‘गेटऑप्ट’ मोड्यूलशेजारी २००३ साली ‘ऑप्टपार्स’ आणि २०१० साली ‘आर्गपार्स’ आलं. मदतीचा मजकूर ही दोन्ही आपणहून तयार करतात.

एक जागा अजून उघडी आहे. कमांडमध्ये तारा (*) लिहिला की शेल त्याच्या जागी डिरेक्टरीतली नावं भरतं, आणि प्रोग्रॅमला तारा कधी दिसतच नाही. त्यात एखाद्या फाइलीचं नाव रेघेने सुरू होत असेल तर फाइली पुसणारं ‘आरएम’ तिला फाइल न मानता सूचना मानतं. रेघ एकच, तिला माणसाने लिहिलं की फाइलीने, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. सुट्या दोन रेघा यावर चालतात, पण काही जुन्या कमांडना त्या समजत नाहीत. म्हणून सराईत लोक ताऱ्याआधी एक टिंब आणि तिरकी रेघ देतात. मग प्रत्येक नाव टिंबाने सुरू होतं.