जागल्या (सार्वजनिक प्रशासन)

सार्वजनिक संस्थेतील भ्रष्टाचार, अधिकाराचा गैरवापर किंवा लोकहितास बाधक गैरव्यवहार सक्षम प्राधिकाऱ्यापुढे अथवा जनतेपुढे उघड करणाऱ्या व्यक्तीस जागल्या म्हणतात. रात्री गावाचा पहारा करणाऱ्या गावकामगारासाठी असलेला हा जुना शब्द मराठी वृत्तपत्रांनी 'व्हिसलब्लोअर' या इंग्रजी संज्ञेसाठी वापरात आणला. लोकप्रशासन, विधी व अभियांत्रिकी या विद्याशाखांच्या नीतिविषयक अभ्यासक्रमांत ही संकल्पना शिकवली जाते.

स्वरूप

लाच देणारा व घेणारा या दोघांनाही व्यवहार गुप्त ठेवण्यात हित असते आणि कागदोपत्री सर्व नियमित दिसू शकते. त्यामुळे गैरव्यवहाराची पहिली माहिती बहुधा संस्थेतील व्यक्तीकडूनच मिळते. वैयक्तिक गाऱ्हाणे मांडणारा तक्रारदार आणि लोकहितासाठी माहिती देणारा जागल्या यांत भेद केला जातो. भारतीय कायद्यात मात्र लोकसेवकाबरोबरच कोणत्याही नागरिकास अशी माहिती देता येते. माहिती अधिकाराचा वापर करून जमीनव्यवहारांतील गैरप्रकार उजेडात आणणारे तळेगाव दाभाडे येथील कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. या घटनेने महाराष्ट्रात अशा नागरिकांच्या संरक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आणला.

सत्येंद्र दुबे प्रकरण

सत्येंद्र दुबे हे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे स्थापत्य अभियंता होते. भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पावर झारखंडमधील कोडरमा येथे काम करताना त्यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांना पत्र लिहून कामातील आर्थिक गैरप्रकार कळवले. ओळख गुप्त ठेवण्याची विनंती असूनही पत्र त्यांच्या नावासह संबंधित मंत्रालयाकडे व पुढे प्राधिकरणाकडे गेले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी बिहारमधील गया येथे त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. केंद्रीय अन्वेषण विभागाने हा लुटीच्या प्रयत्नातील खून असल्याचे मांडले. मार्च २०१० मध्ये पाटणा येथील न्यायालयाने तिघांना दोषी ठरवून जन्मठेप दिली.

कायदेशीर संरक्षण

विधी आयोगाने २००१ मध्ये आपल्या १७९ व्या अहवालात स्वतंत्र कायद्याची शिफारस केली होती. दुबे यांच्या हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला व २१ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने ठराव काढून केंद्रीय दक्षता आयोगास अशा तक्रारी स्वीकारण्याचे काम दिले. तक्रार बंद लिफाफ्यात पाठवावी लागते. निनावी तक्रार विचारात घेतली जात नाही.

जागल्या संरक्षण कायद्यास मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. तक्रारदाराची ओळख उघड करणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व ५०,००० रुपयांपर्यंत दंड, तर जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद व ३०,००० रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. तक्रारदारावर झालेली कारवाई सूडाची नव्हती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी संबंधित सार्वजनिक प्राधिकरणावर टाकली आहे. तथापि मंजुरीनंतरच्या दहा वर्षांतही कायदा अमलात आला नाही.

विद्यापीठीय अध्यापन

संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या भ्रष्टाचारविरोधी कराराच्या १३ व्या कलमात विद्यापीठीय अभ्यासक्रमांसह लोकशिक्षणाचा, तर ३३ व्या कलमात माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा उल्लेख आहे. भारताने २०११ मध्ये या करारास अनुसमर्थन दिले. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने विद्यापीठांसाठी तयार केलेल्या पाठमालेत सार्वजनिक क्षेत्रातील भ्रष्टाचारावर स्वतंत्र घटक आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेवली असून तीत प्रसंगाभ्यास विचारले जातात. कानपूरची संस्था २००५ पासून दुबे यांच्या स्मरणार्थ सचोटीसाठी पुरस्कार देते.

अध्यापनाच्या दृष्टीने दुबे प्रकरणातील दोन प्रश्न वेगळे ठेवणे महत्त्वाचे ठरते. हत्येमागील हेतूविषयी न्यायालयाने लुटीचा निष्कर्ष स्वीकारला. परंतु विनंती डावलून नाव उघड होणे हा प्रशासकीय दोष त्या निष्कर्षावर अवलंबून नाही. निनावी तक्रार स्वीकारली जात नसल्याने नाव देणे भाग असते. म्हणूनच ते नाव कोणाच्या हाती जाते आणि गोपनीयतेचा भंग झाल्यास उत्तरदायी कोण, हा संरक्षणव्यवस्थेतील मूलभूत प्रश्न आहे.