मांजराचा वास आणि प्लेगचे दिवस

‘उंदीर पडला’ हे दोन शब्द कानी आले, की जुन्या काळी गावे ओस पडत. माणसे भांडीकुंडी उचलून रानात झोपड्या घालत. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, आणि धान्य तिथे उंदीर. हा रोग उंदरांवरच्या पिसवा पसरवतात, हे सिमों या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीत दाखवले. पोत्यांबरोबर उंदीर आणि उंदरांबरोबर पिसवा रेल्वेने फिरू लागल्या. आमचे चुडावा स्टेशन ज्यावर आहे, तो मनमाड-सिकंदराबाद मार्ग निजामी मुलखात आला तोही त्याच सुमारास.

सरकार घरे धूत होते, माणसे तपासत होते. अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू बुकॅनन यांनी मात्र मांजरांकडे पाहिले. मांजरे भरपूर असलेल्या गावांत प्लेग पाय रोवत नाही, हे त्यांचे निरीक्षण त्यांनी 1908 मध्ये लेख लिहून मांडले. आयाबायांना हे निराळ्या वाटेने ठाऊक होते. आमच्या कणगीच्या बुडाशी मांजर बसायची, ते गोणपाट अम्मी कधी झटकू देत नसे. ‘तिचा वास राहू दे त्यात,’ म्हणायची.

एक मांजर उंदीर मारून मारून किती मारणार? दरारा असतो तो वासाचा. मांजर सतत अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि जिथे बसेल तिथे लागते. त्या लाळेतले एक प्रथिन उंदराच्या नाकातला जेकबसनचा अवयव ओळखतो, असे कॅलिफोर्नियातील लिसा स्टोवर्स आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवले. प्रयोगशाळेत जन्मलेले, मांजर कधीच न पाहिलेले उंदीरही त्या वासाने दबकले. हा अवयव काम करत नसलेले उंदीर मात्र खुशाल वावरले. म्हणजे ही भीती शिकलेली नव्हे, जन्माची!

तरी नुसता वास फार दिवस पुरत नाही. मागोमाग मांजर आलेच नाही, तर उंदीर निर्ढावतो. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी तर ही भीतीच पुसून टाकतो. त्याची लागण झालेले उंदीर मांजराचा वास टाळत नाहीत, असे ऑक्सफर्डच्या संशोधकांना 2000 मध्ये आढळले. त्या परजीवीला मांजराच्या पोटातच पोहोचायचे असते! शिवाय मांजरालाही प्लेग होतो, तिच्यापासून माणसालाही. तेव्हा बुकॅनन यांचा उपाय अर्धाच म्हणावा लागेल.

मराठवाड्याने हा रोग पुन्हा पाहिला तो ऑगस्ट 1994 मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावी. आदल्या वर्षी, 30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. त्या धसक्याने माणसे घराबाहेर राहू लागली आणि धान्य आत राहिले. उंदरांना रान मोकळे मिळाले. बुकॅनन तिथे असते, तर त्यांनी आधी गावातली मांजरे मोजली असती.